उत्तर माहीत नसलेलं काम टीमकडून कसं करून घ्यावं

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत द्राक्षबागेसाठी ट्रॅक्टरवर चालणारे फवारणीचे ब्लोअर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी नवीन यंत्रांचा विभाग सांभाळते. माझ्या टीममध्ये डिझाइनची मुलं आहेत, दोन अनुभवी मिस्त्री आहेत, खरेदी आणि टेस्टिंगची माणसं आहेत. हे लिहिते आहे ते माझ्यासारख्यांसाठी: हाताखाली पाच-दहा माणसं, डोक्यावर मालक, आणि हुकूम एवढाच की "या वर्षी काहीतरी नवीन काढा."

नव्या कामात निकालाचं वचन कुणालाच देता येत नाही. जो देतो तो एकतर जुनंच काम नव्या रंगात करतो किंवा मार्चमध्ये तोंड लपवतो. पण चार गोष्टींचं वचन टीमच्या प्रमुखाला देता येतं आणि द्यायलाच हवं: पुढचा प्रश्न कोणता, त्यावर किती पैसे घालायचे, तो सुटला की नाही हे कोण आणि कधी ठरवणार, आणि नाही सुटला तर त्यावर राबलेल्या माणसांचं काय होणार. खालचं सगळं या चार वचनांबद्दल आहे.

कामाची दोन रजिस्टरं वेगळी करा

आमच्याकडे ६०० लिटरच्या टाकीचं ८०० लिटर करायचं असेल तर ते काम अवघड असतं, पण अनोळखी नसतं. साचा कुठून येतो, किती दिवस लागतात, अॅक्सलवर किती वजन येतं, हे सगळं कुणाला तरी माहीत असतं. अशा कामाला तारीख मागावी आणि तारीख चुकली तर जाबही विचारावा. याउलट, औषधाच्या थेंबांना विजेचा भार देऊन ते पानाच्या मागच्या बाजूलाही चिकटवायचे, हे काम आम्ही हाती घेतलं तेव्हा आमच्यातल्या कुणालाच ते आपल्या बागांत, आपल्या वाय (Y) आकाराच्या वेलींच्या मांडवावर, आपल्या मजुरांच्या हातात चालेल का हे माहीत नव्हतं. अशा कामाला तारीख मागितली की टीम तारीख देते. ती खोटी असते, आणि ती खोटी आहे हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. तिथून पुढे बैठकीत कुणी खरं बोलत नाही.

म्हणून दोन रजिस्टरं. पहिल्यात तारखा. दुसऱ्यात प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नापुढे पैशाचा एक हप्ता. मालकांकडे जाताना "या प्रोजेक्टला इतके लाख लागतील" असं म्हणू नका. असं म्हणा: "मोठे साहेब, या एका प्रश्नाचं उत्तर मिळवायला एवढे पैसे लागतील. उत्तर 'नाही' आलं तर ते पैसे गेले असं समजावं लागेल. चालेल का?" व्यापारातला माणूस बुडीत रकमेचा विचार आयुष्यभर करत आलेला असतो. त्याला हा प्रश्न लगेच कळतो, आणि आकडा त्याने स्वतः मान्य केलेला असल्यामुळे नंतर तो तुमच्या टीमवर ओरडत नाही.

भिंतीवर 'माहीत नाही' लिहा

पहिल्याच दिवशी मोठा कागद लावा आणि जे जे माहीत नाही ते प्रत्येकाला लिहायला सांगा. सुरुवातीला कुणी लिहीत नाही. आपल्याकडे शाळेपासून 'माहीत नाही' म्हणजे अपमान. तेव्हा तुम्ही आधी लिहा, ठळक अक्षरात.

मग त्या यादीतून एक प्रश्न निवडा. निवडीची माझी पद्धत अशी की ज्याचं उत्तर 'नाही' आलं तर बाकीचं सगळं निरर्थक ठरतं, तो प्रश्न वर. असे दोन असतील तर ज्याचं उत्तर स्वस्तात मिळेल तो आधी. वाचायला सोपं वाटतं. करताना प्रत्येक टीम उलटं करते, कारण माणूस हातातल्या कौशल्यापासून सुरुवात करतो. डिझाइनची मुलं आधी चेसिस काढतील, छान गोलाई देतील, रंगाचे तीन नमुने आणतील. त्यांना दोष देऊ नका, त्यांना फक्त थांबवा.

भारित थेंबांच्या कामात आमचा वरचा प्रश्न होता: घडाच्या आत, दाट पानांच्या मागे, थेंब पोहोचतात का? त्यासाठी यंत्र लागतच नव्हतं. स्टँडवर एक नोझल, एक छोटा पंप, भार देणारं सर्किट, आणि पाणी पडलं की निळे डाग उमटणारे पिवळे कागद. कागद पानांना क्लिपने लावायचे: बाहेर, मध्ये, घडापाशी, पानाच्या वर आणि खाली. फवारा मारायचा, कागद सुकवायचे, मांडून बघायचे. टीमला हे फार फुटकळ वाटलं. पण याच फुटकळ मांडणीने पुढचे अनेक महिने वाचवले.

ज्या भिंती हलणार नाहीत त्या आधी बांधा

टीमला 'मोकळेपणाने विचार करा' म्हटलं की ती गोंधळते. माणसाला कुंपण कुठे आहे हे कळलं की आतली सगळी जागा वापरायची हिंमत येते.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्याचं आहे. १९९६ साली आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदूज्वराची, म्हणजे मेनिंजायटिसची, साथ आली. अडीच लाख लोक आजारी पडले, सुमारे २५ हजार गेले. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' ही संस्था यांनी मिळून त्यावर लस बनवायचा प्रकल्प सुरू केला. तिथल्या देशांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली: एका डोसची किंमत ५० सेंटच्या आत हवी, नाहीतर आम्हाला परवडणार नाही. ही भिंत हलणार नव्हती. मोठ्या कंपन्यांना त्या किमतीत रस नव्हता. मग बाकी सगळं हलवलं गेलं. लस बनवायचं काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने घेतलं, लशीचे दोन घटक जोडायचं तंत्र अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या प्रयोगशाळेतून आलं, त्यातला एक घटक, धनुर्वाताची प्रथिनं, सीरम स्वतःच बनवत होती. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झालं, ५० सेंटच्या आत. किंमत शेवटी ठरवायची असं म्हटलं असतं तर लस कदाचित उत्तम बनली असती आणि ज्यांच्यासाठी होती त्यांच्यापर्यंत कधीच गेली नसती.

आमच्या भिंती लहान होत्या पण तितक्याच पक्क्या. यंत्र मिनी ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागे जोडलेलं यंत्र फिरवणाऱ्या दांड्यावर, मिनिटाला ५४० फेऱ्यांत चाललं पाहिजे. दोन ओळींमधल्या जागेत सहज वळलं पाहिजे. आणि पिंपळगावच्या किंवा दिंडोरीच्या गॅरेजमधल्या फिटरला त्याच्याकडे असतील त्याच पान्यांनी ते खोलता आलं पाहिजे. या तिसऱ्या भिंतीवर मी फार हट्टी आहे. फवारणीच्या दिवसांत यंत्र दोन दिवस बंद राहिलं आणि त्यात पाऊस झाला तर डाऊनी, म्हणजे वेलीवरचा बुरशीचा रोग, थांबत नाही.

भिंती तीनच ठेवा, फार तर चार. दहा लिहिल्या तर ती इच्छांची यादी होते.

बागेत जा, आणि सगळ्यांना न्या

२०००-०१ मध्ये टाटा मोटर्सला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला आणि त्यानंतरच्या धडपडीतून गिरीश वाघ यांच्या टीमने छोटा ट्रक काढला, २००५ साली बाजारात आलेला 'टाटा एस'. आपण त्याला छोटा हाथी म्हणतो. त्या टीमने तीनचाकी टेम्पो आणि लहान ट्रक चालवणाऱ्यांना गाठून त्यांच्याशी बोलणं केलं. लोकांना चार चाकं हवी होती, ती नुसती भार वाहण्यासाठी नव्हे. चारचाकी असली तर लग्न जमायला सोपं जाईल, असं एका तरुणाने सांगितल्याची गोष्ट बरीच छापून आली आहे. ही गोष्ट कुठल्याही प्रश्नावलीत आली नसती. त्याच टीमने इंजिनाचा प्रश्न कसा सोडवला तेही बघण्यासारखं आहे: इंडिकाच्या १४०५ सीसी चार सिलिंडरच्या इंजिनाचं अर्धं, ७०२ सीसी, दोन सिलिंडर. किमतीची भिंत पक्की असली की असे विचार सुचतात.

तर बागेत जाताना फक्त डिझाइनवाल्यांना नेऊ नका. खरेदीचा माणूस न्या, हिशेबाचाही न्या. आणि तिथे गेल्यावर "काका, तुम्हाला कसं यंत्र हवं?" असं विचारू नका. बागायतदार आदराने काहीतरी सांगतील, बहुतेक "थोडं स्वस्त करा" एवढंच. त्याऐवजी फवारणी सुरू व्हायच्या आधी जा आणि शेवटपर्यंत थांबा. औषध कोण कालवतं? कशात? पाणी कुठून भरतात? नोझल तुंबलं की काय करतात?

आम्ही पाहिलं की यंत्र विकत घेणारा आणि वापरणारा यांत फरक आहे. पैसे देणारे भाऊ बांधावर उभे असतात, ट्रॅक्टरवर असतो सालदार किंवा गावातला एखादा पोरगा. नोझल तुंबलं की तो ते काढून तोंडाने फुंकतो. विषारी औषध असतं, त्याला ते माहीत असतं, तरी फुंकतो, कारण पाना घरी राहिलेला असतो आणि ओळ अर्धी झालेली असते. त्या संध्याकाळी परत येताना गाडीत फार कुणी बोललं नाही. हाताने फिरवून उघडता येईल असं नोझलचं टोपण, आणि टाकीच्या बाजूला स्वच्छ पाण्याची छोटी वेगळी टाकी, या दोन गोष्टी त्या दिवसातून आल्या. आमच्या मूळ विषयाशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरी मी त्या लगेच करायला लावल्या, आणि तुम्हीही अशा गोष्टी 'नंतर बघू' म्हणून ठेवू नका. आपण पाहिलेलं यंत्रात उतरतं हे टीमला एकदा दिसलं की पुढच्या वेळी ती जास्त बारकाईने बघते.

अंदाज आधी, चाचणी नंतर

माझ्या सगळ्या सांगण्यातली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने स्वतःचा अंदाज कागदावर लिहायचा. काय दिसेल आणि का. सही करायची, कागद पाकिटात. चाचणी झाल्यावर पाकिटं उघडायची.

असं केलं नाही तर निकाल आल्यावर सगळेच म्हणतात, "हे होणारच होतं." मग कुणी काही शिकत नाही. अंदाज लिहिलेला असला की चूक नेमकी कुठल्या समजुतीत होती ते कळतं, आणि चूक एकट्याची राहत नाही कारण बहुतेक वेळा सगळ्यांचीच असते. पाकिटं उघडताना कुणाला हसू द्यायचं नाही. हा नियम प्रमुखाने कडकपणे पाळावा.

आता आमचं काय झालं ते सांगते, कारण यात नव्या कामाचं खरं रूप आहे. पिवळ्या कागदांवर भारित थेंब बाहेरच्या पानांवर सुंदर बसलेले दिसले, खालच्या बाजूलासुद्धा. पण आत, घडापाशी, ठिपके विरळ. भारित थेंब जवळच्या पानाकडे ओढला जातो आणि तिथेच अडकतो. दाट मांडवात आतपर्यंत जायला तो उरत नाही. शिवाय तासभर चालवल्यावर भार देणारी कडी ओली व्हायची आणि भार जमिनीकडे गळायचा. आमच्या सगळ्यांच्या पाकिटांत उलटं लिहिलेलं होतं.

टेबलावर कागद मांडलेले होते आणि मुलं नोझलबद्दल वाद घालत होती. आमचे टेस्टिंगचे मिस्त्री बराच वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, "मॅडम, भार असो नसो, डाव्या ओळीचे कागद नेहमी वरच्या अंगाला जास्त निळे आहेत आणि उजव्या ओळीचे खालच्या अंगाला." सगळे गप्प झाले. साध्या नोझलचे, तुलनेसाठी घेतलेले कागद काढून पाहिले. तेच. पंखा एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे त्याच्या एका बाजूला हवा वर उसळते आणि दुसऱ्या बाजूला खाली दाबली जाते. हवेच्या शास्त्रात ही माहीत असलेली गोष्ट आहे. पण आमचे जुने ब्लोअर वर्षानुवर्षं तसेच विकले जात होते आणि बागायतदार एकाच ओळीतून दोन्ही बाजूंनी फेरी मारून ते भरून काढत होते, औषध आणि डिझेल जास्त घालून.

पंख्यापाशी हवा सरळ करणाऱ्या स्थिर पात्या बसवायचं काम तिथून सुरू झालं. भाराचं यंत्र आम्ही विकलं नाही. पात्यांचं विकतो. ठरवलेल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बाजूला पडलेलं होतं. ते उचलणारा माणूस बैठकीत बसलेला असला पाहिजे आणि त्याला बोलायची मुभा पाहिजे, हे प्रमुखाचं काम.

मुभा म्हणजे काय ते सांगते. आमच्या सोमवारच्या बैठकीत बोलायचा क्रम ठरलेला आहे: वयाने आणि हुद्द्याने सगळ्यात लहान तो आधी, मी शेवटी. मिस्त्रींना इंग्रजीतल्या स्लाइड दाखवायच्या नाहीत, कागद आणि सुटे भाग टेबलावर ठेवायचे. तीनच प्रश्न: काय वाटलं होतं, काय दिसलं, आता काय. अर्ध्या तासात उठायचं.

थांबवायची अट सुरू करतानाच लिहा

द्राक्षाच्या धंद्यात निसर्गच कॅलेंडर देतो. घड येण्यासाठीची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मग पोंगा (डोळे फुटणं), फुलोरा, मणी सेटिंग (मणी धरणं). दाट पानांत आणि भरलेल्या घडांत चाचणी करायची तर ते दिवस मोजके. ते हुकले की पुढच्या वर्षी. त्यात अवकाळी पाऊस आला तर बागायतदाराच्या फवारणीत लुडबुड करायची नाही. त्याचं वर्षाचं उत्पन्न पणाला असतं. म्हणून आमची अट छाटणीच्या आधीच लिहिलेली होती: अमुक अवस्थेपर्यंत आतल्या कागदांवर साध्या नोझलपेक्षा ठळक फरक दिसला नाही तर भार देण्याचं काम बंद. खाली माझी सही आणि मोठ्या साहेबांची. तुमच्या धंद्यात असं कॅलेंडर नसेल तर तुम्ही ते बनवा.

अट आधी लिहिलेली नसली की काम थांबत नाही. सर्किटवर राबलेल्या मुलाला वाटतं, अजून एक बदल केला की होईल. ते त्याचं प्रेम आहे आणि त्या प्रेमावरच विभाग चालतो, म्हणून थांबवणं त्याच्यावर सोपवू नका.

थांबवण्याच्या दिवशी मी तीन कामं करते. पहिलं, त्या व्यक्तीला बैठकीच्या आधी एकट्याला सांगते, चारचौघांत कळू देत नाही. दुसरं, दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातात नवं काम असतं. सर्किटवाल्या मुलाला आम्ही दाबमापकाच्या कामावर घेतलं. तिसरं, वार्षिक पगारवाढीच्या कागदावर स्वतः लिहिते की याने प्रश्नाचं स्वच्छ उत्तर आणलं. एखाद्या वर्षी बंद पडलेल्या कामावरच्या माणसाची वाढ कापली गेली की पुढची पाच वर्षं तुमच्याकडे कुणी अनोळखी काम मागायला येणार नाही, सगळे टाकी मोठी करायच्या रांगेत उभे राहतील. यासाठी मालकांशी भांडावं लागलं तर भांडा. बाकी कशासाठी नाही भांडलात तरी चालेल.

बंद पडलेल्या कामाचे सुटे भाग भंगारात देऊ नका. रॅकवर ठेवा, पिवळे कागद फाइलला लावा, वर एक पान मराठीत: काय करून पाहिलं, का थांबवलं, कशाची परिस्थिती बदलली तर पुन्हा उघडायचं.

विक्रीवाल्यांना कधी सांगायचं

उशिरा. विक्रीची माणसं मनाने चांगली असतात आणि त्यामुळेच चांगली बातमी त्यांच्या पोटात राहत नाही. डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला कृषी प्रदर्शन असतं. स्टॉलवर ठेवायला काहीतरी हवं म्हणून अर्धवट यंत्र मागितलं जातं. ठाम नाही म्हणा. डीलरने एकदा बागायतदाराला शब्द दिला की तुमचा प्रश्न प्रश्न राहत नाही, ती ऑर्डर होते.

पहिली यंत्रं बाहेर पडताना

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर बनवला तेव्हा नांगर तयार होता, पण शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. ती गळून पडायला वेळ लागला. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या मदतीने किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती त्या चिकाटीनंतर. शेवटचा 'माहीत नाही' हा नेहमी माणसांच्या मनातला असतो आणि तो कारखान्यात बसून सुटत नाही.

म्हणून पहिली थोडी यंत्रं विकू नका, हंगामभर वापरायला द्या. गावात ज्यांचं बघून इतर लोक निर्णय घेतात अशांना एखादं द्या, पण सगळी त्यांनाच नको. त्यांच्याकडे चांगले ड्रायव्हर असतात आणि यंत्राच्या खोडी ते झाकून घेतात. एक तरी यंत्र चढउताराच्या, खडकाळ बागेत जाऊ द्या. जुनं यंत्र त्यांच्या शेडमध्येच राहू द्या, म्हणजे आपलं बिघडलं तरी त्यांची फवारणी अडत नाही. आणि लेखी द्या की आवडलं नाही तर हंगामाअखेरीस आम्ही घेऊन जाऊ, एक रुपया न मागता.

प्रत्येक यंत्रासोबत एक वही द्या आणि ती ड्रायव्हरकडे ठेवा, मालकाकडे नको. त्याला लिहायला जमत नसेल तर फोनवर बोलून पाठवू द्या. आमच्याकडचा एक मुलगा रोज रात्री ते ऐकून वहीत उतरवतो. कुठला नट सैल झाला, कुठे हात अडकला, कितीव्यांदा टाकी भरली. डिझाइन करणाऱ्यांनी या हंगामात उत्पादन विभागाकडे ड्रॉइंग सोपवून मोकळं व्हायचं नाही. पहिली छाटणी ते शेवटचा घड निघेपर्यंत फोन त्यांनीच उचलायचा, रविवारीसुद्धा. एप्रिलच्या खरड छाटणीआधी (घड निघाल्यावर वेली मागे छाटतात ती) सगळ्या वह्या गोळा करून एका टेबलावर मांडायच्या, ड्रायव्हरांना कारखान्यात जेवायला बोलवायचं, आणि ड्रॉइंगमधला प्रत्येक बदल त्यांच्यासमोर वाचून दाखवून मगच उत्पादनाला द्यायचा.